पानांसाठी नेलपॉलिश

"नेलपॉलिश दाखव," मी म्हटलं.

जैबूनच्या हातातल्या डझनभर बांगड्या गादीवर सांडल्या. तिचं बांगड्यांचं दुकान करमाळ्याच्या एस.टी. स्टँडासमोर होतं आणि गेली बावीस वर्षं मी तिच्याकडून वर्षातून दोनदा एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या बांगड्या घेत आले होते. त्यापलीकडे मी कधी काही मागितलं नव्हतं.

"कुणासाठी ओ, बाई?"

"पानांसाठी."

नेमका त्याच क्षणी बार्शी गाडीच्या ड्रायव्हरनं हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. जैबून माझ्या ओठांकडे बघत होती. मग तिचा चेहरा हळूहळू असा काही उजळला की मला वाटलं, हिला वनस्पतिशास्त्राची आवड आहे हे आपल्याला इतकी वर्षं कळलंच नाही.

"अगं बाई! कधी येणारेत?"

"काय कधी येणारेत? चैत्र चालू आहे, आलीयेत की सगळी. चांगली कोवळी, तजेलदार आहेत."

"कोवळी?" ती जरा गोंधळली. पण लगेच सावरून तिनं लाल, राणी, डाळिंबी अशा बाटल्या पुढ्यात मांडल्या.

"रंगाची नको. बिनरंगाची दे. आरपार दिसलं पाहिजे."

"बरोबर आहे, बाई. पहिल्यांदा फिकंच बरं असतं." तिनं बाटली कागदात गुंडाळली आणि वरून माझा हात दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते उन्हावर ढकललं.

ही गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते. नाव मालन शेडगे, पण नावानं हाक मारणारं गावात कुणी नव्हतं. मी शेडगेबाई. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. लग्न केलं नव्हतं. आधी राहून गेलं आणि मग राहून गेल्याचीच सवय झाली. गावातले निम्मे लोक माझ्या हाताखालून गेलेले असल्यामुळे मला बघून मोठमोठी माणसं सायकलवरून उतरायची. एकदा तर फौजदारानं विडी विझवली होती.

नेलपॉलिशचं कारण होतं अकरावीतली रेवती गुटाळ नावाची मुलगी. फेब्रुवारीत मी फळ्यावर पर्णरंध्र काढत होते. पानाच्या पाठीवर डोळ्याला न दिसणारी लाखो छिद्रं असतात, आणि प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंना राजम्याच्या दाण्यांसारख्या दोन पेशी समोरासमोर बसलेल्या असतात. त्या रक्षक पेशी. त्यांत पाणी भरलं की त्या फुगतात, बाकदार होतात आणि मधे फट पडते. झाडातलं पाणी वाफ होऊन त्या फटीतून बाहेर जातं. पाणी कमी पडायला लागलं की पेशी ढिल्या पडतात, एकमेकींना चिकटतात, दार बंद. हे मी बावीस वर्षं सांगत होते.

रेवती उठली. "बाई, ही दारं उघडताना-मिटताना तुम्ही बघितलीयेत का?"

"पुस्तकात दिलंय," मी म्हटलं.

"म्हणजे नाही," ती म्हणाली आणि शांतपणे खाली बसली.

तिनं उद्धटपणा केला नव्हता. तिनं फक्त उत्तर लिहून घेतलं होतं. पण ते दोन शब्द मला महिनाभर टोचत राहिले. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या तेव्हा मी प्राचार्यांची परवानगी घेऊन कॉलेजचा मायक्रोस्कोप लाकडी पेटीसकट घरी आणला. आधी पानाची साल ब्लेडनं सोलायचा प्रयत्न केला, तर साल फाटली आणि बोटही. मग एका जुन्या विज्ञान मासिकात युक्ती सापडली. पानाच्या पाठीला बिनरंगाचं नेलपॉलिश लावायचं, वाळू द्यायचं, वर सेलोटेप चिकटवून हलकेच उचलायचं. पॉलिशच्या पापुद्र्यावर प्रत्येक रंध्राचा ठसा उमटतो. उघडं असेल तर उघडा, मिटलं असेल तर मिटलेला. झाडाला इजा नाही.

झाड मात्र माझं नव्हतं. माझ्या अंगणात तुळस आणि कढीपत्ता, दोघांचीही पानं या कामाला नालायक. शेजारच्या लोखंडेसाहेबांच्या तगरीची पानं मात्र गुळगुळीत, चकचकीत, आणि त्या तगरीच्या दोन फांद्या भिंतीवरून माझ्या बाजूला आलेल्या. लोखंडे पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं धरणावर काढली होती. बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा पुण्याला. आमचं बोलणं म्हणजे "आज पाणी आलं का?" आणि "आलं." एवढंच. फुलं तोडायची असती तर मी त्यांना विचारलं असतं. पानांना पॉलिश लावायला परवानगी लागत असेल असं मला सुचलंच नाही.

मी दिवसातून चार वेळा पानं रंगवायला लागले. कुठलं पान कुठल्या वेळेचं हे कळावं म्हणून देठाला दोऱ्यानं चिठ्ठ्या बांधल्या. पहिलीवर लिहिलं, 'स. ८ – उघडे'. दुसरीवर 'दु. १२ – अर्धवट'. तिसरीवर 'दु. २ – पूर्ण बंद'. चौथीवर 'सायं. ५ – पुन्हा किलकिले'.

पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी व्हरांड्यात एकटीच होते. सकाळी आठचा पापुद्रा. शेकडो छोटी तोंडं, सगळी आ वासलेली. मग दुपारी दोनचा पापुद्रा लावला. बाहेर ऊन असं की कुत्रं गटाराबाहेर यायला तयार नाही, आणि सगळीच्या सगळी तोंडं गच्च मिटलेली. मुळं पुरवतील त्याहून जास्त पाणी हवेत चाललंय हे त्या झाडाला कळलं होतं आणि त्यानं कुणाला न विचारता दारं लावून घेतली होती. मी खुर्चीत बसून मोठ्यानं "अय्या!" म्हणाले. असा शब्द माझ्या तोंडून सातवीनंतर निघाला नव्हता.

या नादात दोन आठवड्यांत माझ्या सहा बाटल्या संपल्या. दर खेपेला जैबून नवा प्रश्न विचारायची.

"बाई, अजून लागतंय?"

"लागणारच. रोज चार वेळा लावते."

"चार वेळा?" तिनं गालाला हात लावला.

गावात काहीतरी बदललंय हे मला जाणवत होतं, पण मी त्याचे अर्थ माझ्या पद्धतीनं लावत होते. किराणा दुकानदारानं पेढा हातावर ठेवला, मला वाटलं त्याचा मुलगा पास झाला. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "बाई, जूनमध्ये रजा लागली तर संकोच करू नका." मला वाटलं, माझा रंग उतरलाय. मराठीच्या घोलपबाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "पैठणी घेणार की कांजीवरम?" मी म्हटलं, "अहो, मी पेपर तपासायला आलेय." त्या डोळे पुसत हसल्या. माझ्या उजव्या अंगठ्याला पॉलिश लागून तो चकचकत होता, त्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. माझं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी आठला मी ब्रश घेऊन अंगणात गेले, तर तगरीवर एकही चिठ्ठी नव्हती. दोरेसुद्धा नव्हते. मी प्रत्येक पान उलटून बघत असतानाच फाटकाची कडी वाजली.

लोखंडे उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, पायांत नवे बूट. सकाळी आठला. चेहरा मात्र धरण फुटल्याची बातमी घेऊन आल्यासारखा.

"येऊ का?"

"या," मी म्हटलं. "पण मी जरा घाईत आहे."

ते आले, व्हरांड्यात उभे राहिले, घसा साफ केला. डाव्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि मला दिला. "सगळं लेखी आहे. तोंडी बोलायची मला सवय नाही."

मी वाचायला लागले.

'प्रति, कु. मालन शेडगे. विषय: आपल्या प्रस्तावाबाबत. संदर्भ: आपल्या चिठ्ठ्या क्र. १ ते ४. महोदया, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपला विवाहाचा प्रस्ताव काळजीपूर्वक विचारात घेण्यात आला. तथापि वय, प्रकृती व चिरंजीवांची संभाव्य हरकत लक्षात घेता तो तूर्त मान्य करता येत नाही. ही बाब खेदपूर्वक कळविण्यात येत आहे. आपला विश्वासू, पुं. रा. लोखंडे.'

मी मान वर केली. लोखंडे माझ्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता. त्यांनी एक हात पुढे केला, बहुतेक कागद परत घ्यायला, पण मी तोवर उलटी बाजू बघत होते.

"संदर्भ क्रमांक एक ते चार," मी म्हटलं. "म्हणजे माझ्या चिठ्ठ्या तुमच्याकडे आहेत?"

त्यांनी पाकीट उघडलं. चारही चिठ्ठ्या आत होत्या, दोऱ्यासकट, नीट क्रमानं. त्यांनी पहिली हात लांब करून डोळ्यांसमोर धरली. "सकाळी आठ, उघडे. तुम्ही दिवसातून चारदा माझ्या भिंतीशी दिसता, म्हणून गावात सगळे म्हणत होतेच. न्हाव्याकडे माझं अभिनंदनही झालं. मी विश्वास ठेवला नाही. मग झाडावर हे. तुम्ही दार उघडं असण्याच्या वेळा कळवल्या होत्या. दुपारी दोनला पूर्ण बंद, हेही समजू शकतो, विश्रांतीची वेळ. पण संध्याकाळी पाचला पुन्हा किलकिले…" त्यांचे कान लाल झाले. "ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही."

आता तुम्ही म्हणाल, मी लाजले असेन, नाही तर रडले असेन. खरं सांगते, मला त्या प्रस्तावाचं काहीही ऐकू आलं नाही. मी किंचाळले.

"तुम्ही माझी लेबलं काढलीत? चौदा दिवसांचं काम! आता कुठलं पान कुठल्या वेळेचं हे मला कोण सांगणार? तुमचं खातं?"

"लेबलं?"

"बसा. इथे बसा. डोळा इथे लावा."

मी त्यांना खांदा धरून स्टुलावर बसवलं. त्यांनी भिंगाला डोळा लावला. मी आरसा फिरवून उजेड दिला.

"हे किती दरवाजे आहेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"एवढ्याशा तुकड्यात दीड-दोनशे."

"आणि उघडतं कोण?"

"कुणी नाही. दोन्ही पेशींत पाणी भरलं की त्या आपोआप वाकतात."

"म्हणजे ज्याला अडवायचं तेच पाणी दरवाजा चालवतं?" ते भिंगावरून डोळा काढायला तयार नव्हते. "मोटर नाही? ऑपरेटर नाही? वरून फोन नाही?"

"नाही."

"काय डिझाइन आहे!" ते म्हणाले. मग पंधरा मिनिटं ते प्रश्न विचारत होते. गळती किती होते, रात्री काय करतात, एखादं दार अडकलं तर शेजारचं भार घेतं का. बावीस वर्षांत इतके चांगले प्रश्न मला एकाही इन्स्पेक्टरनं विचारले नव्हते. शेवटी त्यांनी स्वतः एक पान रंगवायला मागितलं. मी बाटली दिली. धरणाचे दरवाजे सांभाळलेल्या त्या माणसाच्या हाताला तो एवढासा ब्रश पेलेना. निम्मं पॉलिश पानावर, निम्मं त्यांच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर, आणि दोन्ही बोटं एकमेकांना चिकटली.

"ओढू नका," मी म्हटलं. "साल निघेल. थांबा, स्पिरिट लावते."

मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून बोटं सोडवत होते, तेवढ्यात फाटकातून आवाज आला.

"मालन!"

दादा. माझा थोरला भाऊ, मिरजेहून, हातात वळकटी. मागे वहिनी, हातात नारळ. घोलपबाईंनी त्यांना फोन केला होता, हे मला नंतर कळलं.

दादानं माझ्याकडे बघितलं, लोखंड्यांकडे बघितलं, हातांकडे बघितलं. "सकाळी साडेआठ वाजता! या वयात! आणि आम्हाला परक्यांच्या फोनवरून कळतं? हे लग्न होणार नाही."

"अहो, आधी आत तरी जाऊ द्या," वहिनी म्हणाली. ती पंचवीस वर्षं वाट बघत होती.

लोखंडे ताडकन उभे राहिले. "गैरसमज होतोय. मी यांना लेखी नकार दिलेला आहे."

दादानं वळकटी खाली ठेवली.

"नकार?" तो म्हणाला. "आमच्या मालनला? कशाबद्दल? काय कमी आहे तिच्यात? एम.एस्सी. आहे ती! विद्यापीठात तिसरी आली होती!"

"तसं नाही…"

"मग कसं? पोरीचा प्रस्ताव आला तर माणूस विचार करायला महिनाभर तरी घेतो. तुम्ही कोण एवढे लागून गेलात? ऐट काय तुमची?"

"दादा, तू आत्ता म्हणालास लग्न होणार नाही," मी म्हटलं.

"ते मी म्हणालो. यांनी का म्हणावं?"

"आणि मी प्रस्ताव दिलेलाच नाही! हे पान वाळतंय, सगळे दोन मिनिटं गप्प बसा!"

माझा वर्गातला आवाज लागला की फौजदारही गप्प बसायचा. तिघंही बसले. मी पापुद्रा उचलला, काचेवर चिकटवला आणि सगळ्यांना एकेक करून बघायला लावला. दादा म्हणाला, "अळ्या आहेत का?" वहिनी म्हणाली, "अगं बाई, ओठच की गं हे!" आणि त्याच वेळी जैबून आली, हातात रंगीत बाटल्यांचा खोका घेऊन. तिला वाटलं होतं, पाहुणे आलेत तर आता बाईंना लाल लागेल.

"जैबून," मी म्हटलं, "मी पॉलिश कशासाठी घेतलं होतं?"

"पाव्हण्यांसाठी. तुम्हीच म्हणालात."

"मी म्हटलं, पानांसाठी."

जैबूननं टेबलाकडे बघितलं. तगरीची वीस-पंचवीस पानं, पाठी चकचकीत. मग तिनं खोका छातीशी घट्ट धरला. "या अल्ला," ती म्हणाली. "मी तर मशिदीपासून वेशीपर्यंत सगळ्यांना सांगून आले."

पहिल्यांदा वहिनी हसली. मग जैबून. मग दादा, आधी नको नको म्हणत, मग पोट धरून. लोखंडेही हसले, पण हसताना ते चिकटलेल्या बोटांकडे बघत होते. मीसुद्धा हसले. सगळ्यांना चहा केला. लोखंडे चहा न पिताच गेले.

बाराच्या गाडीनं दादा-वहिनीला बसवून मी घरी आले आणि ते पत्र पुन्हा वाचलं. न मागितलेल्या गोष्टीला नकार आला तर माणसाला काही वाटायचं कारण नाही. तर्कानं बघितलं तर नाहीच. पण मी ते चार वेळा वाचलं आणि 'खेदपूर्वक' या शब्दावर दर वेळी थांबले. खेद खरा असेल का, असा एक अत्यंत मूर्ख विचार मनात आला. मग मी उठून भांडी घासली. घासलेली होती, तरी घासली.

दोन वाजता कडी वाजली. त्या उन्हात लोखंडे उभे होते, डोक्यावर ओला पंचा, डोळ्यांवर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा. हातात पंधरा-वीस नव्या चिठ्ठ्या. नकाशावर लिहितात तशा अक्षरात दिनांक, वेळ, फांदी क्रमांक, पान क्रमांक.

"नुकसान माझ्यामुळे झालं," ते म्हणाले. "भरून देतो. आणि बंद होतात ते मला बघायचंय."

त्यांनी बंद झालेली बघितली. पाच वाजता पुन्हा आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आले. उन्हाळाभर आम्ही तगर, जास्वंद, पपई, सदाफुली, सगळ्यांच्या पाठी रंगवल्या. भांडणंही झाली. एकदा पपईवरून ते दोन दिवस रुसले होते, कारण मी त्यांची मोजणी चुकीची म्हटली, आणि ती चुकीचीच होती. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर मी बारावीच्या वर्गात रेवतीसमोर मायक्रोस्कोप ठेवला आणि म्हटलं, "मी बघितलंय. आता तू बघ." तिनं बघितलं आणि विचारलं, "बाई, एवढा वेळ का लावला?" या मुलीचं समाधान करणं अशक्य होतं.

गाव आमच्याकडे बघून काय बोलत होतं ते मला माहीत नाही. जैबूननं या वेळी तोंड मिटून ठेवलं होतं आणि त्याचा तिला फार त्रास होत होता.

सप्टेंबरात एका रविवारी लोखंडे म्हणाले, "तुम्ही मला तुमचे दरवाजे दाखवलेत. आज धरणाचे उघडणार आहेत. येता?"

एस.टी.नं तासाभराचा रस्ता. धरणाच्या बाजूला बघ्यांची गर्दी, मक्याची कणसं भाजणाऱ्या बायका, फुगेवाले. आम्ही कठड्याशी उभे राहिलो. लोखंडे त्या प्रचंड लोखंडी दरवाज्यांकडे बघत होते.

"एकतीस वर्षं उघडले," ते म्हणाले. "एकदाही आपल्या मनानं नाही. वरून हुकूम, मग भोंगा, मग बटण." मग म्हणाले, "शेडगेबाई, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी दोन पत्रं आणली होती."

"दोन?"

"उजव्या खिशात मंजुरी. डाव्या खिशात नकार."

मला वाटलं, पाण्याच्या आवाजानं मी चुकीचं ऐकतेय. पण पाणी अजून सुटलंच नव्हतं.

"नकार फक्त जवळ असावा म्हणून आणला होता. तुम्ही चेष्टा करत असाल तर माझ्याकडेही काहीतरी लेखी असावं. द्यायची होती मंजुरी. पण चष्मा घरी ठेवून आलो होतो. चष्म्यात मी म्हातारा दिसतो. खिसा चुकला. तुम्ही वाचत होता तेव्हा तुमचं तोंड बघून मला कळलं, कुठला कागद गेलाय."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही लेबलांवरून ओरडायला लागलात. आणि नंतर कळलं की प्रस्ताव मुळात नव्हताच. नसलेल्या प्रस्तावाला मंजुरी कशी देणार? तशी तरतूदच नाही."

पाच महिने. पाच महिने हा माणूस रोज चार वेळा माझ्या व्हरांड्यात येऊन पानं मोजत होता आणि तरतूद शोधत होता. मला इतका राग आला आणि त्या रागाच्या आत इतकं काहीतरी गोड वाटलं की दोन्ही एकदम आवरेनात.

"मग आता देते प्रस्ताव," मी म्हटलं.

तेवढ्यात भोंगा सुरू झाला. कान फुटतील असा. त्यांनी हातानं खूण केली, ऐकू येत नाही.

"लग्न कराल का?" मी ओरडले.

"काय?"

"लग्न!"

"कुणाचं?"

मी छाती भरून श्वास घेतला आणि बावीस वर्षं मागच्या बाकांपर्यंत पोचवलेल्या आवाजात ओरडले, "लोखंडे, तुम्ही माझ्याशी लग्न करता का?"

आणि 'लग्न' या शब्दावर भोंगा थांबला. बाकीचं वाक्य सगळ्या धरणावर ऐकू गेलं. दीड-दोनशे माणसं दरवाजे सोडून आमच्याकडे वळली. कणसं भाजणारी बाई पंखा हलवायची थांबली.

लोखंड्यांचे कान लाल झाले. "मला दोन मिनिटं द्या," ते म्हणाले आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. खरोखर बघत राहिले. सेकंदकाट्यासकट. कुणी हलेना.

"अवो साहेब, हो म्हणा की!" कणसंवाली ओरडली. "माझी कणसं जळाया लागली!"

"अजून चाळीस सेकंद आहेत," लोखंडे म्हणाले. मग घड्याळावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं आणि उरलेले सेकंद सोडून दिले. "हो," ते म्हणाले. "लेखी देऊ?"

"नको," मी म्हटलं, आणि त्याच क्षणी दरवाजे वर उचलले गेले. त्या पाण्याच्या गर्जनेत लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या किती पाण्यासाठी आणि किती आमच्यासाठी, हे मी मोजायचा प्रयत्न केला नाही.

त्यांच्या मुलानं, सुहासनं, तीन दिवस वडिलांचा फोन घेतला नाही आणि चौथ्या दिवशी पाच लिटरचा कुकर घेऊन हजर झाला. दादानं मिरजेत सगळ्यांना सांगितलं की त्यानंच लोखंड्यांना झापून लग्न जमवलं.

लग्न नोंदणीच्या कचेरीत झालं, बारा वाजताची वेळ ठरली होती. साक्षीदार म्हणून जैबून आली होती. टेबलामागचा कारकून मला बघून एकदम उभा राहिला. बबन ढावरे. याला मी अकरावीत दोनदा नापास केलं होतं.

"बस," मी म्हटलं.

तो बसला. त्यानं हातानं लिहिलेला फॉर्म माझ्यासमोर सरकवला. "बाई, इथे सही. आणि… तुमचं वय?"

मी फॉर्म वाचला. मग पेन उचललं आणि 'विवाह'मधली वेलांटी दीर्घ होती ती ऱ्हस्व केली. 'वधू'चा उकार ऱ्हस्व होता तो दीर्घ केला. 'साक्षीदार'ची वेलांटीही ऱ्हस्व होती, तीही दुरुस्त करून दिली. बबननं कपाळाला हात लावला, कोरा फॉर्म घेतला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसला. लोखंडे माझ्या शेजारी बसून घड्याळ बघत होते, पण काही बोलले नाहीत. पहिल्या अर्ध्या तासातच त्यांनी संसार शिकून घेतला.

आमचं लग्न पावणेदोनला लागलं.